गाडीची थंडी आणि आपण

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात दिलसुखनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटी श्रोत्यांच्या काही प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यातल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला जिन्यातच गाठले आणि विचारले, "अहो, हैदराबादेत थंडी असते तरी किती? इथे गाडीला हीटर लावायचा की पंखा?" प्रश्न रास्त आहे. आपल्या शहरातली आजवरची सर्वांत कमी तापमानाची नोंद ६.१ अंशांची आहे, आणि तीही १९४६ सालच्या जानेवारीतली. उलट १९६६ च्या जूनमध्ये पारा ४५.५ अंशांवर गेला होता. म्हणजे आपली गाडी उन्हाचीच सवयीची. आदिलाबाद-आसिफाबादकडे ज्यांची गावे आहेत त्यांनी थोडी जास्त थंडी पाहिली असेल, पण तिथेही पाणी गोठत नाही.

तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. त्याला तीन कारणे आहेत. पहिले, आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आज टोरंटो, कॅल्गरी, एडमंटन, मिनियापोलिस अशा ठिकाणी आहेत. मलकपेट, चैतन्यपुरीत वाढलेला मुलगा पहिल्याच हिवाळ्यात उणे २५ अंशांत गाडीला सेल्फ मारतो, गाडी 'घुर्र' करून गप्प बसते, आणि मग रात्री-अपरात्री आम्हाला फोन येतो, "काका, आता काय करू?" दुसरे, अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये हिवाळ्यातही जाता येते, त्यामुळे इथली तरुण मंडळी डिसेंबर-जानेवारीत बर्फ पाहायला तिकडे गाडी घेऊन निघू लागली आहेत. तिसरे कारण म्हणजे थंडीत तेलाचे काय होते हे ज्याला समजले, त्याला उन्हात कोणते तेल घालायचे हेही समजते. मग दुकानदार काय म्हणतो यावर विसंबून राहावे लागत नाही.

आम्ही राज्य सरकारच्या एका खात्याच्या वाहन विभागात काम करतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि वीसेक वर्षे बॉनेटखाली घातलेले डोके, एवढीच आमची पुंजी. तेव्हा मोठे शास्त्र सांगणार नाही. रोज हाताखालून जाते तेवढेच सांगू.

खोबरेल तेल आणि काकवी

जानेवारीत आपल्या घरी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेले की थिजते. काकवी तशी थिजत नाही, ती फक्त दाट होते. बाटली उलटी केली तरी धार यायला वेळ लागतो. थंडीत गाडीचे नेमके हेच दोन त्रास असतात. इंजिन ऑइल काकवीसारखे वागते, म्हणजे दाट होत जाते. डिझेल खोबरेलासारखे वागते, म्हणजे त्यातले मेण थिजून वेगळे होते आणि फिल्टरमध्ये अडकते. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

इंजिन बंद असते तेव्हा तेल खाली चेंबरमध्ये बसलेले असते. सेल्फ मारला की पंपाने ते ओढून वरपर्यंत, कॅमशाफ्टपर्यंत पोचवायचे असते. तेल दाट झाले असेल तर दोन गोष्टी होतात. इंजिन जड फिरते, आणि फिरले तरी पहिले काही क्षण वरच्या भागांना तेलच मिळत नाही, लोखंडावर लोखंड घासते. त्यात बॅटरीही थंडीत अशक्त होते. उणे १८ अंशांच्या सुमारास चांगल्या बॅटरीची ताकदसुद्धा निम्म्याहून कमी राहते. एकीकडे ओझे वाढले आणि दुसरीकडे बैल थकला, अशी गत होते.

डब्यावरचे आकडे

आता तेलाच्या डब्यावर काय लिहिलेले असते ते पाहू. ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. यातला 'डब्ल्यू' विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. हे आकडे एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजपट्टीतले आहेत. ही मोजपट्टी १९११ पासून चालत आली आहे, पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. तो जितका लहान, तितक्या जास्त थंडीत इंजिन फिरू शकते. प्रयोगशाळेत ही चाचणी ठरलेल्या तापमानाला होते: २०डब्ल्यूसाठी उणे १५, १५डब्ल्यूसाठी उणे २०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश. पंपाने तेल ओढले जाते की नाही, हे त्याहून आणखी पाच अंश खाली तपासतात. ही अगदी शेवटची हद्द आहे. प्रत्यक्षात तिच्यापासून दहा अंश तरी अलीकडे राहावे, कारण आपली बॅटरी प्रयोगशाळेतली नसते.

डब्ल्यूनंतरचा आकडा गरम इंजिनाचा. तेल १०० अंशांवर असताना किती दाट राहते ते तो सांगतो. ३० पातळ, ४० त्याहून दाट, ५० आणखी दाट. आता इथे एक मोठा गैरसमज आहे, तो दूर करू. आपल्याकडचे बरेच मेकॅनिक म्हणतात, "साब, हैदराबाद की गर्मी में पाँच डब्ल्यू पानी हो जाता." तसे होत नाही. इंजिन एकदा गरम झाले की हैदराबाद असो की एडमंटन, कूलंट नव्वद-शंभर अंशांच्या आसपासच राहतो. त्या वेळी ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० दोन्ही ३० च्याच पट्ट्यात असतात. पहिल्या आकड्याचा उन्हाशी संबंध नाही. उन्हासाठी पाहायचा तो दुसरा आकडा, आणि तो कंपनीने गाडीच्या पुस्तिकेत लिहून दिलेला असतो.

म्हणून पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले असेल तर 'आपल्याकडे ऊन आहे' म्हणून २०डब्ल्यू-५० घालू नये. नव्या इंजिनांत फटी बारीक असतात, तेलाच्या वाटा अरुंद असतात. दाट तेल तिथे उशिरा पोचते आणि गाडी पेट्रोलही जास्त पिते. उलट जुन्या अम्बॅसडरसारख्या गाडीत, जिच्यासाठी २०डब्ल्यू-४० सांगितले आहे, महागडे ०डब्ल्यू-२० घालून काही कमावत नाही. झाले तर तेलाचा दाब कमीच होईल. पुस्तिकेत कधी दोन-तीन दर्जे दिलेले असतात आणि शेजारी तापमानाचा तक्ता असतो. निवड त्यातच करावी.

आकड्यांबरोबर अक्षरेही पाहावीत. एपीआयच्या खुणेत 'एस' ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोलसाठी आणि 'सी' ने सुरू होणारी डिझेलसाठी असतात. पेट्रोलमध्ये एसएननंतर २०२० मध्ये एसपी आला. पुढचे अक्षर म्हणजे नवा दर्जा. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राख सोडणारे तेलच लागते. साधे डिझेल तेल घातले तर तो फिल्टर हळूहळू तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. मोटारसायकलसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ पाहावे. तिथे इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात असतात, म्हणून कारचे निसरडे तेल घातले की क्लच घसरू लागतो. स्कूटरला बहुधा जासो एमबी चालते.

ब्लॉक हीटर म्हणजे काय

आता परदेशातल्या मुलांकडे वळू. विनिपेग, एडमंटनकडे अनेक गाड्यांच्या जाळीतून वायरची एक शेपटी लोंबत असते. इथून भेटायला गेलेल्या आईवडिलांना वाटते, गाडी विजेवर चालते की काय! ती शेपटी ब्लॉक हीटरची. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी असा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तोवर तिकडचे लोक रात्री तेल काढून घरात शेगडीजवळ ठेवत आणि सकाळी परत ओतत.

आज सर्रास दिसतो तो हीटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, कूलंटच्या वाटेत बसवलेला असतो. आपल्या पाण्याच्या बादलीतल्या रॉडचा धाकटा भाऊ म्हणा. साधारण ४०० ते १००० वॅटचा. कूलंट गरम होऊन वर सरकतो, थंड खाली येतो, असे फिरता फिरता सगळा ब्लॉक कोमट होतो. काही हीटर चेंबरला बाहेरून चिकटवायचे असतात, ते थेट तेल गरम करतात. बॅटरीला गुंडाळायची गरम पट्टीही मिळते.

मुलांना आमचे सांगणे असे. उणे १५ च्या खाली पारा जाणार असेल तर हीटर लावावा. निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात, रात्रभर लावण्याची गरज नाही. ५०० वॅटचा हीटर तीन तास लावला तर दीड युनिट, दहा तास लावला तर पाच युनिट. म्हणून टायमर घ्यावा. एक्स्टेन्शनची वायर बाहेरच्या थंडीसाठी बनवलेली, जाड असावी. घरातली पांढरी बारीक वायर थंडीत कडक होऊन तडकते. वायर इंजिनाच्या पट्ट्याजवळ किंवा सायलेन्सरजवळ जाऊ देऊ नये. आणि निघताना प्लग काढावा. हसू नका, प्लग तसाच ठेवून निघणारे दरवर्षी निघतात.

हीटर असला तरी तेल चुकीचे चालत नाही. तिकडे ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूच घालावे, पुस्तिकेप्रमाणे. गाडी सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे आणि हळू निघावे. अर्धा तास उभी ठेवून गरम करण्याने इंजिन लवकर गरम होत नाही. उलट न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. आणि सुरू होताच ॲक्सिलेटर दाबून गुरगुरवू तर मुळीच नये.

डिझेल आणि पाणी

हिमाचल-लडाखकडे जाणाऱ्यांनी तेलाइतकीच डिझेलची काळजी घ्यावी. मैदानातल्या पंपावरचे डिझेल पोटात घेऊन कडाक्याच्या थंडीत रात्रभर गाडी उभी केली की मेण धरते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते पानिपत रिफायनरीत तयार झाले आणि उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहील असे बनवले गेले. तिकडे मुक्कामाआधी टाकी तिथल्याच पंपावर भरावी. टाकीखाली किंवा चेंबरखाली जाळ करण्याची लॉरीवाल्यांची जुनी पद्धत डोळ्यांनी पाहिली तरी करू नये. आजकालच्या गाड्यांना खाली प्लास्टिकचे पाइप आणि वायरी असतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणेही बीएस-६ इंजिनाचे नुकसान करते.

आणि पाणी! आपल्याकडे कूलंट कमी झाला की बोअरचे पाणी ओतायची सवय आहे. इथे त्याने क्षार साचतात एवढेच. तिकडे तेच पाणी गोठते, आणि गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. त्या फुगण्याने ब्लॉकला चीर जाते, रेडिएटर फुटतो. निम्मा कूलंट आणि निम्मे शुद्ध केलेले पाणी असे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निघण्याआधी वर्कशॉपमध्ये कूलंटची ताकद मोजून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे

आतापर्यंत सांगितले ते इंजिन वाचवण्यापुरते. आता माणूस वाचवण्याचे बोलू.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला गेलेल्या लोकांच्या गाड्या रात्री अडकल्या. वीसहून अधिक माणसे गाडीतच मरण पावली. त्यांत लहान मुलेही होती. काहींचा जीव नुसत्या थंडीने नव्हे, तर धुराने गेल्याचे सांगितले गेले. कारण असे घडते: ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवतात, काचा बंद करतात, बर्फ साचत साचत सायलेन्सरचे तोंड बुजवतो, आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो.

म्हणून जे कोणी बर्फात जातील, त्यांनी हे पाठ करावे. अडकलात तर आधी उतरून सायलेन्सरचे तोंड मोकळे करा. इंजिन तासाला दहाच मिनिटे चालवा, तेवढा वेळ वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवा. पुन्हा सुरू करण्याआधी पुन्हा सायलेन्सर पाहा. सगळ्यांनी एकदम झोपू नका, एकाने जागे राहा. गाडीत शेगडी नको, कोळसा नको. घोंगड्या, पाणी, सुका खाऊ, टॉर्च आणि लहानसे फावडे डिकीत असू द्या. परदेशातल्या मुलांनी बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू करून ठेवू नये, गॅरेजचे दार उघडे असले तरी गाडी बाहेर काढावी. घरात कार्बन मोनॉक्साइडची घंटा आहे ना, हे पुढच्या व्हिडिओ कॉलवर विचारा.

हे आपल्यालाही लागू आहे. मे महिन्यात आपल्या सेलर पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत झोपलेले ड्रायव्हर आम्ही पाहतो. आम्ही काच वाजवून उठवतो, ते रागावतात. रागावू देत. तुम्हीही उठवा.

आपल्या हैदराबादेत

आता घरच्या गाडीकडे येऊ. मलकपेटपासून एल. बी. नगरपर्यंत मेट्रोच्या खांबांखालून संध्याकाळी आपण किती सरकतो, हे सांगायला नको. किलोमीटर पाच होतात, इंजिन मात्र पाऊण तास चाललेले असते. विसर्जनाच्या दिवशी तर लॉरी पहिल्या गिअरमध्ये दिवसभर रांगते. मीटरवर वीस किलोमीटर, इंजिनाचे बारा तास! म्हणून तेल बदलताना नुसते किलोमीटर पाहू नयेत. पुस्तिकेत 'कठीण वापर' असा वेगळा तक्ता असतो, हैदराबादची गाडी त्यात मोडते. विसर्जनासाठी जी लॉरी ठरवाल, तिचे तेल आणि पाणी आदल्या दिवशी पाहून घ्या. मिरवणुकीत पोरे पुढे-मागे नाचत असतात, तिथे बंद पडलेली किंवा उकळलेली गाडी नको.

डिपस्टिक पंधरा दिवसांतून एकदा पाहावी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी, वरच्या खुणेच्या वर भरणेही वाईटच. तेल सीलबंद डब्यातूनच, आपल्या डोळ्यांसमोर ओतून घ्यावे, आणि रिकामा डबा भोक पाडून मगच सोडावा. नाहीतर त्याच डब्यात नकली तेल भरून तो पुन्हा बाजारात येतो. काढलेले काळे तेल गटारात सोडू देऊ नका. आपल्या भागातले नाले शेवटी सरूरनगर तलावाला आणि मुसीलाच मिळतात. ते तेल जमा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे जावे, असा आग्रह आपण गिऱ्हाईक म्हणून धरला तरच मेकॅनिक ऐकतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न: मुलगा जूनमध्ये मोटारसायकलवरून लडाखला निघाला आहे. तेल बदलून पातळ घालावे का?
उत्तर: नको. उन्हाळ्यात तिकडच्या घाटांत रात्री पारा शून्याजवळ जातो, फार तर थोडा खाली. २०डब्ल्यूचे तेलही तेवढे सहज सोसते. निघण्याआधी कंपनीने सांगितलेलेच नवे तेल घाला आणि बॅटरी तपासा. जानेवारीत स्पितीला जाणार असेल तर मात्र पुस्तिकेतला सर्वांत लहान डब्ल्यू निवडा.

प्रश्न: मुलीसाठी इथून हीटर नेऊ का? इथे स्वस्त मिळेल.
उत्तर: नेऊ नका. आपली वीज २३० व्होल्टची, तिकडची १२० ची. इथला हीटर तिकडे जेमतेम चौथा हिस्सा उष्णता देईल. तिकडचा इथे लावला तर जळेल. शिवाय हीटर त्या त्या इंजिनासाठी असतो. तिकडेच बसवून घ्यावा, हिवाळ्याआधी.

प्रश्न: गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरच चालते. तरी तेल बदलायचे?
उत्तर: हो, वर्षातून एकदा. उभ्या गाडीतही तेलात ओलावा धरतो. छोट्या छोट्या फेऱ्यांत तो उडून जात नाही.

प्रश्न: तेल काळे पडले म्हणजे खराब झाले ना?
उत्तर: डिझेल गाडीत नवे तेल चार दिवसांत काळे होते. ते काजळी स्वतःत धरून ठेवते, ते त्याचे कामच आहे. रंगावरून ठरवू नका. मात्र तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, गाडी तिथेच थांबवा.

प्रश्न: तेलात टाकायच्या औषधाच्या बाटल्या मिळतात, त्या घ्याव्या का?
उत्तर: चांगल्या तेलात लागते ती औषधे कंपनीने आधीच घातलेली असतात. त्या पैशांत वेळेवर तेल बदला.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर गाडीची पुस्तिका काढा. बहुतेकांची ती प्लास्टिकच्या पिशवीत तशीच असेल. तेलाचे पान उघडा, तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि थंड देशातल्या मुलांनाही त्यांच्या गाडीचा आकडा विचारा. या निमित्ताने फोन तरी होईल!

 सर्वांचा प्रवास सुखाचा होवो. गणपती बाप्पा मोरया!